गच्चीखालची बेडरूम, पश्चिमेची भिंत : नाशिकमध्ये एसी किती टनाचा घ्यावा?

मखमलाबादकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मखमलाबाद रस्त्यावर आमचा तिसऱ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली फ्लॅट आहे. बेडरूम १० बाय १२, उंची १० फूट. बारा फुटांची भिंत पश्चिमेला, ९ इंची विटांची, आणि तिच्यात ४ बाय ४ ची सरकत्या काचांची खिडकी. या खोलीत सासूबाई आणि माझी मुलगी झोपतात. सासूबाईंचं वय झालंय, उकाड्यात त्यांना रात्रभर झोप लागत नाही. मे महिन्यात रात्री अकराला भिंतीवर हात ठेवला तरी ती कोमट नाही, चक्क गरम लागते.

एका दुकानदाराने १.५ टन सांगितला. दुसरा म्हणाला, १२० चौरस फुटांना १ टन पुष्कळ झाला. तिसरा म्हणतो २ टनाचाच घ्या, दार उघडं ठेवलं की हॉलमध्येही गारवा जाईल. नणंद मुलुंडला राहते, तिच्या एवढ्याच खोलीत १.५ टनाचा आहे आणि तिच्या मते विचार करायची गरजच नाही.

मला नुसता आकडा नको आहे. तो काढायचा कसा, हे कुणी समजावून सांगेल का? वीज एरवी महिन्याला १८० युनिटच्या आसपास जळते.

सिडको_जुना_सभासद

ताई, वरचा मजला म्हटल्यावर १.५ टन इन्व्हर्टर. आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या सगळ्यांकडे तोच आहे. लहान घेऊन मे महिन्यात हळहळण्यापेक्षा थोडा मोठा बरा.

ठाण्याहून_नाशिकला

नणंदबाईंचा सल्ला त्यांच्या गावासाठी बरोबर आहे, तुमच्यासाठी असेलच असं नाही. मी बरीच वर्षं ठाण्यात राहिलो, आता इंदिरानगरला आहे, म्हणून दोन्हीकडचा अनुभव सांगतो. तिकडे मे महिन्यात पारा ३४-३५ च्या पुढे क्वचित जातो, पण हवा ओली असते. एसीची निम्मी ताकद त्या हवेतलं पाणी काढण्यात जातेय असं वाटतं, नळीतून रात्रभर धार लागलेली असते. आणि रात्री बाहेरही २७-२८ असतं, त्यामुळे मशीनला उसंत नाही.

नाशिकला दुपारी ३९-४० होतं, कधी त्याहून वर जातं, पण हवा कोरडी. रात्री उशिरा बाहेर २३-२४ पर्यंत उतरतं. म्हणजे इथल्या मशीनला दुपारी चारला एक काम आणि पहाटे चारला अगदीच वेगळं काम. मुंबईचा टन उचलून नाशिकला लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

शीतगृह_ओझर

द्राक्षांच्या प्री-कूलिंग आणि शीतगृहांच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. ताईंनी 'कसा काढायचा' असं विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टन म्हणजे काय ते. २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, ती १ टन क्षमता. तासाला १२,००० बीटीयू, किंवा आपल्या सोयीसाठी ३,५१७ वॅट. मात्र दुकानातलं '१ टन' हे ढोबळ नाव आहे. लेबलवर क्षमता वॅटमध्ये छापलेली असते (ही उष्णता बाहेर काढायची ताकद, विजेचा खप नव्हे) आणि ती १ टनाच्या मशीनला साधारण ३,३०० ते ३,६०० अशी, तर १.५ टनाला ४,८०० ते ५,२०० अशी दिसते. टन विसरा, वॅट वाचा. दोन कंपन्यांच्या '१.५ टन' मध्ये ३००-४०० वॅटचा फरक सहज असतो.

आता खोलीत उष्णता येते कुठून? तुमच्याच खोलीचा, मे महिन्यातल्या संध्याकाळचा हिशोब करू. बाहेर ३९, आत २५ ठेवायचे आहेत.

सगळ्यात मोठा वाटा छताचा. १२० चौरस फूट म्हणजे ११ चौरस मीटर. उन्हात तापलेल्या स्लॅबचा पृष्ठभाग ५५ अंशांच्या घरात जातो. पाच इंची स्लॅब आणि वरचा कोबा धरला तर दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकामागे सुमारे ३ वॅट आत येतात. ११ गुणिले ३ गुणिले ३० अंश, म्हणजे जवळजवळ १,००० वॅट. एकट्या छतातून.

पश्चिमेची भिंत, खिडकी वगळून, पावणेदहा चौरस मीटर भरते. ९ इंची विटेतून अंशामागे २ वॅट. ऊन धरून २० अंशांचा फरक घेतला तर ४०० वॅट. खिडकी दीडच चौरस मीटरची आहे, पण मावळतीचं ऊन थेट काचेवर येतं. आतून पडदा ओढलेला असला तरी उन्हाचे ३५० आणि काचेतून झिरपणाऱ्या बाहेरच्या उष्णतेचे १२०, असे ४७० वॅट. उरलेल्या तीन भिंती आणि खालची जमीन यांच्या पलीकडे एसी नाही, तिथे ३१ च्या आसपास असेल, म्हणून त्यांचे मिळून साधारण ५५०. दोन माणसं जागी बसलेली, २००. दार उघडझाक आणि फटींतून येणारी हवा १५०. पंखा-दिवा १००.

बेरीज २,८७० वॅट. टनात ०.८.

या बेरजेतली एक गोष्ट महत्त्वाची. हे सगळे आकडे एकाच वेळी शिखरावर नसतात. खिडकीचं ऊन साडेचार-पाचला, स्लॅब त्यानंतर काही तासांनी, आणि ९ इंची भिंत तर दुपारचं ऊन सात-आठ तास मुरवून रात्री आत सोडते. ताईंना अकरा वाजता भिंत गरम लागते ती यामुळेच. म्हणजे प्रत्यक्ष गरज या बेरजेपेक्षा थोडी कमीच.

३,४०० वॅटचं मशीन ३५ अंशांना मोजलेलं असतं. बाहेर ४० असेल तर चार-पाच टक्के घट धरा. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे, हवा थोडी विरळ, तीही किंचित क्षमता खाते. तरी ३,१०० हाती राहतात. खोली थंड *राखायला* १ टन पुरतो, पण काठावर. तापलेली खोली *उतरवायला* मात्र तो वेळ घेईल, कारण भिंती, कपाट, गाद्या सगळं तापलेलं असतं. द्राक्षांतही हे दोन भार आम्ही वेगळे मोजतो. बागेतून आलेल्या गरम मालाला ४ अंशांपर्यंत आणायला प्री-कूलिंगचं मोठं मशीन लागतं. एकदा माल थंड झाला की साठवणीच्या खोलीला त्या मानाने छोटं मशीन पुरतं.

म्हणून माझं मत: आज आहे त्या अवस्थेत १ टन काठावर चालेल, १.५ आरामात चालेल. पण मशीन घेण्याआधी छताचं आणि त्या खिडकीचं काहीतरी करा. मग १ टन नुसता चालणार नाही, भरपूर होईल.

सिडको_जुना_सभासद

दादा, हिशोब पटला. पण आता सगळी मशीनं इन्व्हर्टर आहेत ना? गरज कमी झाली की कॉम्प्रेसर आपोआप हळू होतो. मग दीड टन घेतल्यावर तोटा काय? दुपारी जोर मिळेल, रात्री हळू चालेल.

शीतगृह_ओझर

प्रश्न रास्त आहे आणि तुमचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. इन्व्हर्टर अर्ध्या क्षमतेवर चालताना उलट जास्त काटकसरीने चालतो. लेबलवर १०० टक्के आणि ५० टक्के अशा दोन्ही क्षमता म्हणूनच छापतात. जुन्या, एकाच वेगाच्या मशीनला मोठा टन जसा बाधायचा तसा याला बाधत नाही.

पण कॉम्प्रेसरच्या हळू होण्याला मर्यादा असते. प्रत्येक मॉडेलची किमान क्षमता ठरलेली असते, माहितीपत्रकात 'किमान ते कमाल' अशी दिलेली सापडते. दुकानात ती मागून घ्या. आता पहाटेचा विचार करा. बाहेर २३-२४, ऊन नाही, दोन झोपलेली माणसं मिळून १५० वॅट, स्लॅब निवलेला, भिंतीचा थोडा शेक. एवढ्याशा खोलीची गरज तेव्हा ७००-८०० वॅटवर येते. मशीनची किमान क्षमता त्याहून जास्त असली तर ते बंद-चालू, बंद-चालू करत राहतं. कधी गार झोत, कधी कोंदट. म्हाताऱ्या माणसाला नेमका हाच चढ-उतार सोसत नाही, पांघरूण घ्यावं तरी घाम, काढावं तरी थंडी.

पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात याचा दुसरा त्रास. मशीन थोडा वेळ चालून थांबलं की हवेतलं पाणी पुरतं निघत नाही. खोली २४ दाखवते आणि अंथरूण दमट लागतं.

२ टन घेऊन दार उघडं ठेवायची कल्पना सोडून द्या ताई. बेडरूमच्या दारातून थंड हवा हॉलमध्ये पुरेशी जात नाही. बेडरूम गोठते, हॉल तसाच राहतो, आणि मशीनच्या सेन्सरला वाटतं काम झालं.

आर्किटेक्ट_कॉलेजरोड

छताबद्दल मला लिहायचंच होतं. वरच्या मजल्यावरच्या लोकांशी बोलताना मी नेहमी आधी गच्ची बघायला जाते, मग खोली.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पांढरा रंग. चुन्याचे दोन-तीन हात, किंवा बाजारात मिळणारा उन्हाला परतवणारा पांढरा कोट. स्लॅबचा पृष्ठभाग दुपारी सहज दहा अंशांनी कमी तापतो. ओझरच्या दादांच्याच हिशोबात ३० च्या जागी २० घाला, १,००० चे साडेसहाशे होतील. चुना दर वर्षी उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो. नाशिकला फेब्रुवारीनंतर धूळ खूप बसते आणि मळलेला पांढरा रंग पांढऱ्याचं काम करत नाही, म्हणून अधूनमधून झाडू आणि पाणी मारायला हवं. ज्यांना हे नको त्यांनी वॉटरप्रूफिंग करतानाच वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे बसवून घ्यावेत. खर्च जास्त, पण गळती आणि ऊन दोन्हींचा बंदोबस्त होतो.

सोसायटीने गच्चीवर सोलर पॅनेल बसवले तर पॅनेलच्या सावलीचा फायदा खालच्या फ्लॅटला फुकट मिळतो. पॅनेल आणि स्लॅब यांच्यात हवा खेळती हवी, बस. पत्र्याची शेड टाकायचा विचार बरेच जण करतात. बाजू उघड्या असतील तर तिचाही उपयोग होतो, पण महापालिकेची आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय त्यात पडू नका.

खिडकीचं सांगते. पडदा आतून लावला की ऊन आधीच काचेतून आत आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. तेच ऊन बाहेर अडवलं तर काचेपर्यंत पोचतच नाही. बांबूची चिक, बाहेरच्या बाजूने सोडलेली, हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम उपाय आहे. पश्चिमेला आडवा छज्जा उपयोगी पडत नाही, कारण संध्याकाळचा सूर्य खाली आलेला असतो, तो छज्जाखालून आत शिरतो. तिथे उभी आडच हवी. चिक, जाळी, नाहीतर खाली अंगण असेल तर झाड.

शीतगृह_ओझर

आर्किटेक्ट ताईंच्या दोन्ही गोष्टी केल्या तर छताचे ३५० आणि खिडकीचे पावणेतीनशे वॅट वाचतात. २,८७० चे २,२५० होतात. ०.६४ टन. आता १ टनाच्या मशीनमध्ये तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास ताकद शिल्लक राहते, आणि १.५ घ्यायचं कारणच उरत नाही.

काटकसर_नाशिकरोड

बिलाचं मी सांगतो. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. टप्पा चढला की वरच्या युनिटांचा दर चांगलाच वाढतो. तुमचे १८० म्हणजे तुम्ही दुसऱ्या टप्प्याच्या मधोमध आहात. १ टनाचा चांगला इन्व्हर्टर रात्री सात तास चालला आणि सरासरी ५५० वॅट ओढले तर रोजचे चार युनिट, महिन्याचे १२०. एकूण ३००. अगदी उंबरठ्यावर. त्यापुढचं प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातलं. म्हणून छताला लावलेला चुना तुम्हाला नुसता गारवा देत नाही, तिसऱ्या टप्प्यापासूनही लांब ठेवतो.

दुकानात तारे मोजून थांबू नका. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या लेबलवर वर्षाकाठी किती युनिट लागतील ते छापलेलं असतं, १,६०० तासांच्या वापरावर. तुमचा वापर मार्च ते जून मिळून ८०० तास असेल तर त्याच्या निम्मे धरा. मग ३ तारे आणि ५ तारे यांच्यातल्या किमतीचा फरक किती वर्षांत वसूल होतो ते कागदावर मांडा. कमी वापर असेल तर ३ तारेही शहाणपणाचे ठरतात, आणि वाचलेल्या पैशात गच्चीचं काम निघतं.

१ जानेवारी २०२० पासून तारे असलेलं प्रत्येक मशीन सुरू होताना २४ वरच सुरू होतं. त्याखाली नेऊ नका. २६ आणि हळू पंखा, यात आमच्या घरात सगळे शांत झोपतात. ब्युरोच्या सांगण्यानुसार एका अंशामागे वीज सुमारे ६ टक्के वाचते.

सातपूर_रात्रपाळी

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. मी कंपनीत रात्रपाळी करतो. सकाळी आठला घरी येऊन झोपतो ते दुपारी तीनपर्यंत. माझ्यासाठी रात्रीच्या थंड हवेचा काही उपयोग नाही. खोली तेवढीच, १० बाय १२, पण वर स्लॅब नाही, सिमेंटचा नाही, लोखंडी पत्रा आहे. फिटिंगवाला म्हणाला २ टन लावा, नाहीतर लावूच नका. एवढा खर्च झेपणार नाही. काय करू?

शीतगृह_ओझर

दादा, तुमचं उत्तर ताईंच्या उत्तरापेक्षा पूर्ण निराळं आहे आणि तुम्ही विचारलंत हे फार बरं झालं.

पत्र्याला जाडी नाही, तो उष्णता मुरवत नाही. ऊन पडलं की लगेच तापतो, ६० च्या वर जातो, आणि अंशामागे ६ वॅट आत सोडतो. ११ गुणिले ६ गुणिले ३५, म्हणजे २,३०० वॅट. ताईंच्या स्लॅबच्या दुपटीहून जास्त. शिवाय तुमची झोप बरोबर याच वेळेत. भिंती, फटी, बाकी सगळं धरून तुम्ही चार हजारांच्या पुढे जाता. म्हणजे फिटिंगवाला उगीच सांगत नव्हता.

पण २ टनाच्या मशीनवर खर्च करायच्या आधी पत्र्याखाली छत करा. दोन इंच ग्लासवूल किंवा रॉकवूल, पत्र्याच्या बाजूला चकाकता फॉइल, आणि खाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड. तेच २,३०० वॅट मग २७०-३०० वर येतात. हे गणित मी फुगवून सांगत नाही, शीतगृह उभं राहतं ते याच तत्त्वावर. त्यानंतर तुम्हाला १ टन पुरतो, आणि समजा पैसे संपले म्हणून एसी पुढच्या वर्षावर गेला तरी या उन्हाळ्यात पंख्याखाली झोप लागेल. उघडं थर्माकोल लावू नका, आग पकडतं. पत्र्यावरून पांढरा रंगही मारून घ्या.

सातपूर_रात्रपाळी

मनापासून आभार दादा. या रविवारी बोर्डवाल्याला बोलावतो. खोलीत आत उंची कमी होईल का?

आर्किटेक्ट_कॉलेजरोड

पाच-सहा इंच जातील. पंख्याची पाती डोक्यापासून लांब राहतील एवढं बघा. वूल आणि बोर्ड यांच्यात वायर नेणार असाल तर ती पाइपातूनच न्या.

पंचवटीचा_वाडा

आमचा जुना वाडा. तळमजल्याच्या भिंती दीड-दोन फुटी, वर लाकडी माळवद. मे महिन्यात दुपारी खालच्या खोलीत पंखासुद्धा हळू ठेवतो आम्ही. वरच्या मजल्यावर कौलं आहेत, तिथे मात्र तापतं. मुलगा वरच्या खोलीत एसी लावायचा म्हणतो. चौरस फुटांवरून १ टन येतो. बरोबर आहे का?

शीतगृह_ओझर

काका, चौरस फुटांचा नियम फ्लॅटच्या १० फुटी उंचीसाठी बनलेला आहे. कौलारू खोलीत मधल्या आढ्याखाली १४-१५ फूट उंची असते आणि कौलांच्या फटींतून थंड हवा सतत निसटते. तिथे टन वाढवून उपयोग नाही. खाली लाकडी किंवा बोर्डाचं छत घालून खोली ९-१० फुटांवर बंद केलीत तर १ टन चालेल. दाराच्या, खिडकीच्या फटींना रबरी पट्टी. नाहीतर एप्रिल-मे साठी चांगला कूलर घ्या. नाशिकच्या कोरड्या हवेत तो खरंच काम करतो, बाहेर ३९ असताना कूलरमधून २५-२६ अंशांची हवा मिळू शकते. एक खिडकी उघडी ठेवायची, म्हणजे ओल साचत नाही. पावसाळ्यानंतर मात्र त्याचा उपयोग नाही. आणि कूलर व एसी एका खोलीत एकाच वेळी कधीही लावू नका, एक पाणी घालतो, दुसरा काढतो.

अशोकामार्ग_हॉल

धाग्यात घुसते. हॉल १२ बाय २०, त्याला लागूनच उघडं किचन. मधला मजला, पूर्वेकडे बाल्कनी. २४० चौरस फुटांना २ टन म्हणतात.

शीतगृह_ओझर

किचन धरलंत का? गॅसचा एक बर्नर पेटला की दीड-दोन किलोवॅट उष्णता सोडतो, म्हणजे जवळपास अर्धा टन. स्वयंपाक चालू असताना कुठलाही टन अपुरा वाटेल, वर एक्झॉस्ट लावला की थंड हवाही बाहेर. हॉल आणि किचन यांच्यात सरकतं दार किंवा निदान जाड पारदर्शक पट्ट्यांचा पडदा करा. मग मधल्या मजल्यावर, पूर्वेच्या बाजूला १.५ टन पुरेल. तसंच उघडं ठेवायचं असेल तर २ टन.

वायरमन_सिडको

सगळे टनावर बोलताहेत, वायरीवर कुणीच नाही. एसीसाठी डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीपासून, वेगळी लाइन हवी, तांब्याची ४ स्क्वेअर एमएम, स्वतंत्र एमसीबीसकट (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). गिझरच्या पॉइंटवरून ओढून देतात ते मान्य करू नका. जुन्या इमारतीत अर्थिंग मोजून घ्या, नुसता तिसरा भोक दिसतो म्हणून अर्थिंग आहे असं होत नाही. मंजूर भार किती आहे तेही बिलावर बघा, कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या.

आउटडोअर युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावू नका ताई, उत्तरेची जागा बघा. नाइलाज असेल तर वर सावली करा, पण चारी बाजूंनी जाळीच्या पिंजऱ्यात कोंबू नका, गरम हवा बाहेर पडायला समोर मोकळी जागा हवी. कोंडलेलं युनिट स्वतःचीच गरम हवा ओढतं आणि मग १ टनाचा पाऊण टनच राहतो. पाइप जितका आखूड तितकं बरं.

सिडको_जुना_सभासद

छत आणि खिडकीचं काम होणार असेल तर माझं १.५ चं म्हणणं मी सोडतो. पण गच्ची सोसायटीची आहे. परवानगी मिळालीच नाही तर?

शीतगृह_ओझर

तर मग खिडकीला चिक आणि १.५ टन, पण किमान क्षमता कमी असलेलं मॉडेल शोधून. त्या परिस्थितीत तुमचाच सल्ला बरोबर.

मखमलाबादकर (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी चिकेची कल्पना लगेच उचलून धरली, त्यांच्या माहेरी निफाडला पडवीला चिकाच असायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलले. वरच्या मजल्यावरच्या चारही घरांनी मिळून खर्च केला तर पांढऱ्या कोटला त्यांची हरकत नाही, आणि तीन घरं तयार आहेत. चौथ्यांशी आज बोलते. हो म्हणाले तर १ टन, ३,४०० वॅटच्या वरचा, किमान क्षमता विचारून. आउटडोअर उत्तरेच्या डक्टमध्ये (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या पोकळीत) बसतो का ते बघते.

एक राहिलं. डक्टमध्ये युनिट गेलं तर आतल्या मशीनच्या पाण्याची नळी बेडरूमच्या भिंतीतून बरीच आडवी न्यावी लागेल. चालेल का?

वायरमन_सिडको

डक्टमध्ये वरून हवा मोकळी आहे का ते आधी बघा, बंद डक्ट पश्चिमेच्या भिंतीपेक्षा वाईट.

नळी आडवी चालेल, पण सबंध लांबीला उतार हवा, मध्ये कुठे पोट आलेलं चालणार नाही. भिंतीत गाडणार असाल तर तिला फोमचं वेष्टण घाला. नाशिकला मे महिन्यात हवा कोरडी, नळीतून पाणी थेंब-थेंबच येतं, त्यामुळे उतार चुकलेला तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही. जुलैत पाणी वाढलं की ते उलटं येऊन मशीनमधून भिंतीवर उतरतं. फिटिंगवाला जायच्या आत त्याच्यासमोर आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतायला सांगा आणि ते सगळं दुसऱ्या टोकाला बाहेर पडलं की मगच पैसे द्या.